मॅडम कुठे आहेत?
आमच्या मुख्याध्यापिका बरेच दिवस शाळेत नाहीत. गेटवर पालक अडवतात, "बाई, मॅडम आजारी आहेत की चौकशी चालू आहे?" मला ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं. आजारपण असो, घरचं काही असो, रजेचं कारण हा त्यांचा खासगी मामला. चौकशी असलीच, तर ती पूर्ण होईपर्यंत कुणावर शिक्का मारू नये.

पण प्रभारी कोण, दाखल्यावर सही कुणाची, मुलांच्या सुरक्षिततेची तक्रार कुणाकडे न्यायची, एवढं संस्थेनं कळवायलाच हवं होतं. परवा एक आई दाखल्याचा अर्ज घेऊन बंद केबिनसमोर ताटकळत होती. शिपाईही काय सांगणार? सूचना फलकावर दोन ओळी लागल्या असत्या, तर व्हॉट्सअ‍ॅपवर मॅडमच्या आजाराची नावं फिरली नसती.