सोडलेला घोडा

कामानिमित्त ग्वांगझूला राहत होते तेव्हा माझ्या रविवारच्या सकाळी बागेत, शियांग्चीच्या पटावर जायच्या. या चिनी बुद्धिबळात मोहरा मारत नाहीत, 'खातात'. क्रियापदच असं असल्यावर आमिष आलंच.

एकदा एका आजोबांनी सहाव्या चालीला कोपऱ्यातला रथ एक घर पुढे घेतला. अगदी नेहमीची चाल. पण त्यामुळे शेजारचा घोडा बिनजोरी झाला, म्हणजे त्याला राखणारं कुणी उरलं नाही. माझी तोफ त्याच उभ्या रेषेत होती. तोफेला खायचं तर मधे बरोबर एक मोहरा लागतो, ज्याच्यावरून ती उडी घेते. तो त्यांच्याच तोफेने पुरवला होता. खरं तर डावाच्या पहिल्या क्षणापासून ही तोफ घोड्यावर रोखलेली असते, रथाचा जोर असतो म्हणून कुणी हात लावत नाही. मी घोडा खाल्ला.

मग त्यांची तोफ माझ्या गोटात शिरली आणि माझ्या मधल्या तोफेवरून माझ्या घोड्यावर नेम धरून बसली. मी घोडा मागे घेतला. मधल्या प्याद्याला त्याचाच जोर होता! त्यांच्या दुसऱ्या तोफेने ते प्यादं खाल्लं, शह दिला. दहाव्या चालीला त्यांनी चक्क एक रथ देऊन टाकला. पुढचा शह अडवायला मी मधली तोफ बाजूला नेली, तीही गेली. तेराव्या चालीला त्यांच्या दोन तोफा मधल्या रेषेत एकामागे एक उभ्या. मागची पुढचीवरून शह देते. मधे मी रक्षक घातला, तर त्याच्यावरून पुढचीच शह देते. मात.

बघ्यांपैकी एकाने सांगितलं, हा डाव मिंग काळातला आहे, १६३२च्या एका संग्रहातला. नाव 'घोडा सोडून तेरा चाली'.

त्यानंतर मी यावर फार विचार केला. या खेळात पटावर काहीच लपलेलं नसतं, लपतो तो फक्त हेतू. म्हणून आमिषाची चाल एरवीही खेळण्याजोगी हवी. रथ बाहेर काढणं ही तशी चाल आहे. मी घोडा खाल्ला नसता तरी आजोबांचा रथ कामाच्या जागीच आला असता. स्पर्धेतले खेळाडू घरून तयार करून आणलेल्या अशा अनपेक्षित चालीला 'उडता सुरा' म्हणतात. समोरच्याला तो सुरा आधीच ठाऊक असेल, तर मोहरा देणाऱ्याचंच नुकसान. फक्त फसवण्यापुरती केलेली चाल मला म्हणूनच पटत नाही. ती जुगार वाटते.

आणि किंमत? घोडा देऊन आजोबांनी माझी तोफ लढाईतून बाहेर काढली होती. उरलेल्या सहा चालींत मला तिला एकदाही हात लावता आला नाही. मात झाली तेव्हाही ती त्यांच्या शेवटच्या ओळीत, खाल्लेल्या घोड्याच्या जागी उभी होती.