अनारसा हसला

फराळाचा प्रत्येक पदार्थ आपापल्या पद्धतीने बिघडतो. चकली मऊ पडते, करंजीचा खुळखुळा होतो, शंकरपाळी वातड होते, लाडू वळायला बसलं की वळतच नाही. ही सगळी तक्रारीची भाषा. अनारसा मात्र हसतो. तुपात सोडलेली गोल पुरी बघता बघता पसरते, तिच्या कडा सुटतात, मधे भगदाडं पडतात आणि कढईभर चुरा तरंगायला लागतो. करणारी रडकुंडीला आलेली आणि पदार्थाला हसू फुटलेलं. दिवाळीच्या आठवड्यात जावाजावांचे फोन सुरू होतात ते याच प्रश्नाने : ‘काय गं, हसले का तुझे?’

पण अजिबात न हसणारा अनारसाही काही कामाचा नाही. जाळी न पडलेला अनारसा म्हणजे गुळाची तळलेली थापी, दाताखाली रबरासारखी. अनारशाने गालातल्या गालात हसायला हवं. जाळी पडेल इतपत हसू, कडा सुटतील इतकं नाही. त्यासाठी आठवडाभराची खटपट, आणि तिची सुरुवात तांदूळ धुण्यापासून.

तांदूळ जुना घ्यावा, साधा, जाडा. बासमतीचे लाड इथे नकोत, आणि उकडा तांदूळ तर मुळीच नको. तो आधीच एकदा शिजलेला असतो, त्याच्या पिठाला पुन्हा नीट धरून राहता येत नाही. अर्धा किलो तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुऊन बुडेल एवढ्या पाण्यात भिजत घालायचा आणि तीन दिवस रोज पाणी बदलायचं. भिजायला खरं तर एक रात्र पुरते. बाकीचे दोन दिवस तो हलकासा आंबावा म्हणून असतात. तिसऱ्या दिवशी एक दाणा चिमटीत धरून दाबला तर त्याचं पीठ झालं पाहिजे. मधे एक टणक कणी बोटाला लागली, तर आणखी एक दिवस. रोज पाणी बदलायचं विसरलं तर मात्र तो आंबत नाही, कुजतो. त्या वासावर वेलदोडा-जायफळाचा उपाय चालत नाही, टाकूनच द्यावा.

चौथ्या दिवशी तांदूळ रोवळीत उपसून निथळायचा आणि सावलीत पंचावर पसरायचा. अनारशाचं भवितव्य या पंचावर ठरतं, कढईत नाही. तांदूळ ओला नको आणि कोरडाही नको. तळहात त्यावर दाबून उचलला तर दाणे हाताला चिकटू नयेत, पण हाताला गारवा लागला पाहिजे. तो गारवा म्हणजे आत शिल्लक असलेलं पाणी. पुढे पिठात वरून पाण्याचा थेंबही घालायचा नसतो; गूळ विरघळणार तो याच पाण्यात. तांदूळ जास्त वाळला तर गूळ सुटत नाही, पीठ रेतीसारखं राहतं. ओला राहिला तर पीठ डब्यातच सैल होतं आणि तुपात गेल्यावर खो खो हसतं.

पंचावर किती वेळ, हे घड्याळ सांगू शकत नाही, हवा सांगते. दिवाळीच्या सुमाराची हवा यासाठी सगळ्यांत समजूतदार. पाऊण-एक तासात काम होतं. पावसाळ्यात कोकणात दोन-दोन तास पंखा फिरवला तरी तांदूळ ओलसरच. विदर्भात मे महिन्यात नेमकं उलटं : पंचा झटकून वळेपर्यंत वरचे दाणे कडक. शिवाय त्या उन्हाळ्यात भिजवलेलं पाणी दुपारपर्यंतच वास मारू लागतं, तेव्हा दिवसातून दोनदा बदलावं आणि दोन दिवसांतच तांदूळ उपसावा. पाककृतीत ‘एक तास वाळवावे’ एवढंच छापलेलं असतं. कुठल्या गावात आणि कुठल्या महिन्यात, ते बाईने ओळखायचं.

पूर्वी हा तांदूळ उखळात कांडत. आता मिक्सर आहे, पण तो सलग फिरवला की भांडं तापतं आणि पिठातला ओलावा उडतो. थोडा थोडा तांदूळ घेऊन, थांबत थांबत दळावा आणि मैद्याच्या चाळणीने चाळावा. चाळणीवरची कणी पुन्हा दळायची. कणी राहिली की पुरी थापताना चिरते आणि चिरेतून फुटते. बरोबर जमलेलं पीठ मुठीत दाबलं की मुटका होतो आणि बोटाने टोचलं की तो मोडतो. चक्कीवरून आणलेल्या कोरड्या पिठाचा यात काही उपयोग नाही. त्यात दूध घालून, पाणी शिंपडून अनारसे करण्याचे झटपट प्रकार आहेत, आणि त्यांची चव झटपटच असते.

आता गूळ. ओल्या पिठाच्या चार भागांना तीन भाग, वजनाने. अर्धा किलो तांदळाचं साधारण सहाशे ग्रॅम ओलं पीठ होतं, त्याला साडेचारशे ग्रॅम बारीक किसलेला गूळ आणि चमचाभर पातळ तूप. चिक्कीचा गूळ घेऊ नये, तो चिवट असतो आणि अनारसा ओढून ठेवतो. साखरेचे करायचे तर पिठीसाखर, प्रमाण तेच. साखरेचा अनारसा उजळ आणि खुसखुशीत होतो. गुळाचा तांबूस, चवीला खोल, पण हसण्याच्या बाबतीत जास्त लबाड, कारण गूळ स्वतःचं पाणी घेऊन येतो आणि हवेतलंही ओढून घेतो. चव बघता गुळाचाच करावा असं माझं मत. पहिल्यांदाच करणारीने साखरेचा करून हात बसवावा.

गूळ मिसळण्याआधी एक काम न विसरता करायचं : त्यातलं वाटीभर पीठ बाजूला काढून, डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवायचं. त्याचं कारण पुढे येईलच.

गूळ आणि पीठ परातीत हाताने चोळून एकजीव करायचं. या वेळी ते सुटं, भुरभुरीत दिसतं आणि नवख्या बाईचा हात हमखास पाण्याकडे जातो. तो आवरावा. हे पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात दाबून भरायचं आणि विसरायचं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर तळाशी ओलं, वर कोरडं. खालवर करून पुन्हा दाबायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गूळ पूर्ण विरघळून पिठाचा मऊसर गोळा झालेला असतो. पाच-सहा दिवसांनी ते चांगलं मुरतं. मुरलेलं पीठ फ्रीजमध्ये महिनाभर सहज टिकतं, मात्र डब्यात ओला चमचा घालायचा नाही.

तळायच्या दिवशी पीठ दोन तास आधी बाहेर काढून हलक्या हाताने मळून घ्यावं. फार घट्ट वाटलं तर एखादा चमचा दूध किंवा पिकल्या केळ्याचा छोटा तुकडा कुस्करून. केळ्याने अनारसा मऊ होतो आणि जाळीही सुटते, पण हात सैल सोडला तर तेच केळं त्याला हसवतं. लिंबाहून लहान, पंचवीस ग्रॅमच्या आसपास गोळी घ्यायची. केळीच्या पानावर, ते नसेल तर दुधाच्या पिशवीच्या धुतलेल्या तुकड्यावर खसखस पसरून त्यावर गोळी ठेवायची आणि बोटांच्या टोकांनी थापत तळव्याएवढी पुरी करायची. लाटणं नको. लाटल्यावर पीठ दाबलं जातं आणि जाळीला जागा उरत नाही. थापताना बोटांचे जे खळगे उठतात, तिथूनच जाळी सुरू होते. मध्यभागी किंचित पातळ, कडेला जरा जाड ठेवावी, कारण तुपात पसरायला कडच आधी लागते.

खसखशीची बाजू तळताना वर. आणि अनारसा उलटायचा नाही, काही झालं तरी नाही. उलटला तर खसखस करपते, गळून तुपात पडते आणि पुढचे सगळे अनारसे काळे ठिपके घेऊन बाहेर येतात. जिलबीची तई किंवा पसरट कढई घ्यावी, तूप इंचभर. गोळीतला पिठाचा कण सोडून बघावा : तळाशी जाऊन सावकाश वर आला की तूप तयार. लगेच वर उसळला तर फार तापलंय, तळाशीच बसून राहिला तर अजून थंड आहे. थंड तुपात पुरीला कवच धरायला वेळ लागतो, तेवढ्यात गूळ पातळ होऊन वाहायला लागतो आणि सगळं पसरतं. फार कडक तुपात बाहेरून तांबूस, आत कच्चं. एका वेळी एकच अनारसा. पहिले काही क्षण त्याला झारा लावू नये. तो वर आला, कड धरली की गॅस बारीक करून झाऱ्याने बाजूचं तूप हलकेच वर उडवत राहायचं. बुडबुडे मोठ्यांचे बारीक होत जातात आणि त्यांच्या जागी जाळी उघडत जाते. तीन-एक मिनिटांत बदामी रंग येतो. याच वेळी काढायचा. अजून थोडा लाल होऊ दे म्हटलं की बाहेर आल्यावर काळपट झालाच.

काढतानाही तो लुळाच असतो. मऊ राहिला म्हणून पुन्हा तुपात टाकण्याची चूक इथे होते. त्याला चाळणीच्या कडेला उभा टेकवून ठेवावा, म्हणजे जाळीतलं तूप निथळतं, आणि पाच मिनिटांत तो आपोआप कुरकुरीत होतो. आडवा ठेवला तर तूप पितो. कोमट असताना डब्यात भरला तर वाफेने नरमतो.

हसण्यामागचं कारण सरळ आहे. तांदळाचं पीठ तुपाच्या उष्णतेने शिजून घट्ट धरतं आणि गूळ त्याच उष्णतेने पातळ होतो. दोघांची शर्यत असते. गूळ जास्त झाला की तो पिठाचं पाणी आपल्याकडे ठेवतो, पिठाला शिजायला उशीर होतो आणि तेवढ्यात गूळ वाहून जातो. म्हणून पहिला अनारसा नेहमी छोटा थापून परीक्षेला बसवायचा. तो हसला तर कढई खाली उतरवून, बाजूला ठेवलेल्या त्या वाटीतलं दोन चमचे पीठ गोळ्यात मळायचं, अर्धा तास थांबायचं, पुन्हा एक सोडून बघायचा. सगळं पीठ एकदम घालू नये. उलट बाजूला गेलं की दगड होतो, आणि हसऱ्यापेक्षा दगडाची समजूत घालणं कठीण.

दक्षिणेत ही शर्यत वेगळ्या रीतीने सोडवली आहे. तमिळ अधिरसम् किंवा तेलुगू अरिसेलू करताना गुळाचा पाक करून त्यात ओलं पीठ घालतात. तेलुगू घरांत तळलेला अरिसा दोन फळ्यांत दाबून तूप काढतात. बिहारमध्ये खसखशीऐवजी तीळ. ही अडीनडीला उपयोगी पडणारी गोष्ट आहे, कारण दुबईला मुलीकडे फराळ पाठवायचा असेल तर खसखस चालत नाही. संयुक्त अरब अमिरातीत तिला बंदी आहे, आणि कुरिअरवाला विचारेल तेव्हा ‘फक्त चिमूटभर आहे’ हे उत्तर पुरत नाही. तिळाचे करावेत. दिसायला वेगळे, पण पोचतात तरी.

दिवाळीपेक्षाही अनारशाची खरी कसोटी अधिक महिन्यात. धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायचं ते जाळीदार वस्तूचं, आणि तेहेतीस. बत्तासे चालतात, म्हैसूरपाक चालतो, पण मान अनारशाचा. हा महिना येतोही साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी लहान, तो फरक साठत साठत महिन्याएवढा झाला की पंचांगात एक महिना वाढतो. तो कुठल्या ऋतूत पडेल याचा मात्र नेम नाही. २०२३चा अधिक मास श्रावणाचा, भर पावसातला. २०२६चा ज्येष्ठाचा, मे-जूनमधला. म्हणजे एका वेळी पंचावरचा तांदूळ वाळता वाळत नाही, आणि पुढच्या वेळी वाळण्याआधी पळत सुटावं लागतं. सासूबाईंचा हात श्रावणात बसला म्हणून ज्येष्ठात चालेलच असं नाही.

वर दिलेल्या अर्ध्या किलोत चाळीसच्या आसपास अनारसे होतात. तेहेतीस ताटात, बाकीचे परीक्षेला बसलेले आणि हसलेले. वाणाच्या ताटात हसरा चालत नाही. त्याचा चुरा झाऱ्याने लगेच गोळा करावा, नाहीतर तो तळाशी करपून तूप कडवट होतं. गार झाला की भाजलेलं किसलेलं खोबरं आणि वेलची घालून त्याचे लाडू वळता येतात. अर्थात तेवढा शिल्लक राहिला तर. स्वयंपाकघराच्या दारात मुलं वाटी आणि दूध घेऊन उभीच असतात, आणि चाळणीला टेकून ठेवलेल्या नीटस अनारशांकडे त्यांचं लक्षही नसतं.