दीड

श्रावणातला बाजारचा दिवस, मेडिकलच्या काउंटरवर ही गर्दी. तिच्यातून वाट काढत एक ताई पुढे आल्या आणि पिशवीतून दोन बाटल्या काढून काचेवर ठेवल्या. "दादा, ह्या औषधानं कायबी गुण येईना. जरा कडक द्या की."

मी बाटल्यांकडे बघितलं आणि पोटात गोळा आला. एक अर्ध्याहून जास्त भरलेली, दुसरीचं सील शाबूत.

चार दिवसांपूर्वी मीच दिल्या होत्या. चार वर्षांची मुलगी, वजन १५ किलो, मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड. डॉक्टरांनी सेफिक्झिम या अँटिबायोटिकचं ड्राय सिरप लिहिलेलं, ५ मिलीत १०० मिलिग्रॅमवालं, एकूण चौदा दिवस. एरवी लहान मुलांना किलोमागे दिवसाला ८ मिलिग्रॅम देतात, टायफॉइडला डॉक्टर २० पर्यंत नेतात. म्हणजे दिवसाला ३००, सकाळी साडेसात मिली, संध्याकाळी साडेसात मिली. ३० मिलीची बाटली बरोबर दोन दिवसांची. दोन बाटल्या देऊन "चौथ्या दिवशी पुढच्या न्यायला या" असं सांगितलं होतं. ताई दिवस चुकल्या नव्हत्या. बाटल्या मात्र संपल्या नव्हत्या.

माझ्या बाजूनं मी सगळं केलं होतं, असं मला वाटत होतं. हे औषध शेड्यूल एच-वन या सरकारी यादीतलं, १ मार्च २०१४ पासून त्याची वेगळी नोंद ठेवावी लागते आणि ती तीन वर्षं जपावी लागते. वहीत डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, नग, सगळं लिहिलेलं. पोरीला कधी पेनिसिलिनच्या औषधानं अंगावर गांधी उठल्या का, दम लागला का, तेही विचारलेलं. पहिली बाटली मी स्वतः तयार केली होती: आधी आपटून पावडर मोकळी केली, उकळून गार केलेलं थोडं पाणी घालून हलवली, मग खुणेपर्यंत भरली. दुसरी मुद्दाम कोरडी दिली, पहिली संपल्यावर कालवायला.

"ताई, कशानं पाजताय?"

"टोपणानं द्यायला गेलं की निम्मं सांडतंय, थुकतीया. म्हणून ड्रॉपरनं." त्यांनी पिशवीतून ड्रॉपर काढला. कुठल्याशा जुन्या तापाच्या थेंबांचा. "दीडच्या खुणेपतोर. तुमीच लिवलंय की."

खोक्यावर माझंच अक्षर होतं: १.५ – १.५. मला म्हणायचं होतं दीड चमचा, पाच मिलीचा चमचा. 'चमचा' हा शब्द लिहायचा राहिला होता. ड्रॉपरवर दीड मिलीची खूण होती, अगदी ठळक. पोरीच्या पोटात दिवसाला ३०० ऐवजी ६० मिलिग्रॅम गेलं होतं. पाचवा हिस्सा.

मागची माणसं "ओ, आमचं बघा" म्हणून ओरडत होती. हाताखालच्या पोराला काउंटरवर उभं करून मी आत जाऊन डॉक्टरांना फोन लावला. ते क्षणभर गप्प झाले. "बरं झालं सांगितलंस. ताप हटत नाही म्हणून आज संध्याकाळी ॲडमिट करून शिरेतून सेफ्ट्रिॲक्झोन सुरू करणार होतो मी." खरं तर पुरा डोस देऊनही टायफॉइडचा ताप चार-पाच दिवस रेंगाळतो, ते त्यांनाही ठाऊक होतं. पण पोटात औषधच नाही म्हटल्यावर पुढचा सगळा अंदाजच फसतो. औषध लागू पडत नाही असं आपण म्हणत राहतो, आणि जंतूंना अपुऱ्या औषधात जगायची सवय लागते ती वेगळीच. पाकिस्तानातल्या सिंधमध्ये २०१६ पासून सेफ्ट्रिॲक्झोनलाही न जुमानणारा टायफॉइड पसरला, ते मला राहून राहून आठवत होतं.

ताईंना एवढंच बजावलं, राहिलेलं भरून काढायला एकदम जास्त पाजू नका, आधी डॉक्टरांकडे जा. चूक माझी, हेही सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मग साडेसात असं लिवायचं की." यावर काय बोलणार?

पोरगी पाणी पीत होती, पोट मऊ होतं, म्हणून डॉक्टरांनी तोंडावाटेच ठेवलं, पण पुऱ्या डोसानं आणि रोज दाखवायच्या अटीवर. औषध सुरू करण्याआधी घेतलेल्या रक्ताच्या कल्चरचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला: टायफॉइडचाच जंतू, आणि सेफिक्झिमच्या गटातली औषधं त्याला लागू. पुऱ्या डोसाच्या पाचव्या दिवशी ताप उतरला. चौदा दिवसही डॉक्टरांनी नव्यानं मोजले.

सेफिक्झिमचा गट म्हणजे सेफॅलोस्पोरिन, आणि त्याचा जन्म सांडपाण्यातला. १९४५ मध्ये सार्डिनियात ब्रोत्झू नावाच्या डॉक्टरला गटाराच्या मुखाजवळच्या समुद्राच्या पाण्यात एक बुरशी सापडली, आणि तिनं टायफॉइडचे जंतू रोखले होते. कॉलेजात पाठ केलेलं हे त्या रात्री दुकान बंद करताना आठवलं. तिथून इथवर आलेलं औषध माझ्या एका न लिहिलेल्या शब्दापाशी अडलं होतं.

आता खोक्यावर मी मिलीतच लिहितो, तेही अक्षरी. सुई नसलेली सिरिंज देतो आणि पहिला डोस समोर भरून दाखवायला लावतो. पुढच्या बाटल्या न्यायला ताई आल्या तेव्हा मी सिरिंज पुढे केली. त्यांनी पिशवीतून आपलीच काढली, तशीच बिनसुईची. साडेसातच्या रेघेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता.

"धाकटीला वाचता येत न्हाई," त्या म्हणाल्या, "पर आता तीच सांगती, आई, लालपतोर भर."