खासबाग: कुस्तीपलीकडचे मैदान

१९०२ साली ब्रिटनचे राजे सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी युरोपात गेलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी रोमचे कलोसियम पाहिले आणि त्यावरून प्रेरणा घेऊन कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले. ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. मधोमध तांबड्या मातीचा हौदा आणि भोवती चढत गेलेली गोलाकार बैठक असल्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही डाव स्पष्ट दिसतो. माझ्या मते हेच त्याचे खरे मोठेपण, कारण दरबारी करमणूक येथे रयतेची झाली. (कुस्ती न कळणारा कोल्हापूरकर मात्र मला अजून भेटायचा आहे.) मैदानालगत १९१५ मध्ये पॅलेस थिएटर, म्हणजेच आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, उभे राहिले, ऑगस्ट २०२४ मधील आगीत ते जळाले, तेव्हा खासबागेच्या बाजूच्या व्यासपीठाचेही नुकसान झाले.