दुरुस्तीला हेड नाही

मार्चचा दुसरा पंधरवडा म्हणजे आमची सुगी, असं बाहेरच्यांना वाटतं. आम्ही व्हीलचेअर, तीनचाकी सायकली, कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट) दुरुस्त करतो. आमचे निम्मे कारागीर स्वतः दिव्यांग आहेत. सामाजिक उद्योग म्हटलं की लोक आदराने चहा पाजतात. बिल मात्र लांबवतात.

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. बऱ्याच ठिकाणी हा पैसा वर्षभर झोपलेला असतो आणि मार्चमध्ये खडबडून जागा होतो. एका नगरपरिषदेनेही आम्हाला असंच घाईघाईने बोलावलं. नव्या तीनचाकींचे दर हवे होते.

नव्या सायकली मिळणार ही बातमी फुटलेली. माणसं जुन्या सायकली ओढत, ढकलत आवारात आली होती. आमच्या मेकॅनिकने पहिलीच सायकल आडवी घातली. चौकट सरळ, बैठक शाबूत. हाताने फिरवायच्या पायडलची साखळी सैल पडलेली, पुढच्या चाकाच्या बेअरिंगमधले छरे झिजून गेलेले आणि टायर चिरलेला. "ही भंगारात कशाला घालताय? दुपारपर्यंत चालती करतो," तो म्हणाला.

मी लेखापालांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पटतंय हो. पण दुरुस्तीला हेड नाही, म्हणजे हा खर्च दाखवायला बजेटात सदरच नाही. नवी असेल तर फाईल आजच फिरवतो."

खरी मेख इथेच आहे. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत एकदा साधन मिळालं की तेच साधन पुन्हा मिळायला साधारणपणे 3 वर्षं थांबावं लागतं (12 वर्षांखालच्या मुलांना 1 वर्ष). टायर काही तेवढा थांबत नाही. मधल्या काळात माणूस घरात बसून राहतो. आमच्यासारख्यांचा धंदा नेमका या मधल्या काळात आहे. पण सरकारी खरेदीला वस्तू दिसते, सेवा दिसत नाही.

दारातच बसलेल्या एक मावशी हे सगळं ऐकत होत्या. "हेडबिड तुमचं तुम्ही बघा, साहेब. पैसे माझ्या खात्यात टाका. मी यांच्याकडून करून घेईन, नाहीतर दुसऱ्याकडून."

लेखापालांनी चष्मा काढला. वैयक्तिक लाभ, थेट खात्यात, साधनाच्या देखभालीसाठी. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, पासबुकाची झेरॉक्स. संध्याकाळी टिपणी मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर होती.

माझ्या डोक्यात मात्र 'दुसऱ्याकडून' हा शब्द घुमत राहिला. ऑस्ट्रेलियाने 2013 च्या कायद्याने एनडीआयएस ही दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय विमा योजना आणली, तिचा गाभा हाच: पैसा संस्थेला नाही, माणसाच्या नावावर. आपल्याकडे एवढं मोठं काही नाही, पण खात्यात पैसे आले की लाभार्थ्याचं गिऱ्हाईक होतं. आम्हाला ना अनामत रक्कम भरावी लागते, ना बिलामागे खेटे घालावे लागतात. त्याबदल्यात घाऊक ऑर्डरची खात्री जाते. माझ्या मते हा सौदा फायद्याचा आहे, फक्त सोपा नाही.

सोपा का नाही, ते मावशींनी लगेच दाखवलं. "टायरला किती घेणार? बेअरिंगला किती? आणि चार महिन्यांत गेलं तर?"

आमच्याकडे दरपत्रकच नव्हतं. आजवर सगळे भाव लॉटचे. मेकॅनिकने नव्या सायकलींच्या कोटेशनच्या पाठीवर एकेका भागाचा दर लिहिला, खाली सहा महिन्यांची हमी. मावशींनी कागद वाचला आणि परत केला.

"घरी येऊन करणार, हेही लिहा. सायकल बिघडल्यावर मी तुमच्याकडे येणार कशी?"