कोड सेन्सरचाच आहे, मग सेन्सर का नाही बदलायचा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: "मशीनवर नॉक्स सेन्सरचा कोड आला, सेन्सर नवा टाकला, काही दिवस बरं चाललं आणि पुन्हा तोच कोड. आता नवाही खराब निघाला म्हणायचा का?" (नॉक्स म्हणजे धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड, कोड म्हणजे स्क्रीनवर येणारा बिघाडाचा आकडा.) विचारणारा कधी एक्स्कॅव्हेटरचा मालक असतो, कधी साइटवरचा फिटर. वैताग दोघांचा सारखाच, कारण तोवर इंजिनाची ताकद ईसीएमने, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने, कमी केलेली असते आणि काम अडलेलं असतं.

नवा सेन्सर खराब निघू शकतो. पण माझा पहिला संशय वेगळा असतो: जुना तरी खराब होता का?

कोडमध्ये दोन आकडे असतात आणि बहुतेक जण पहिलाच वाचतात. जे१९३९ पद्धतीत (जड मशीनमधले संगणक एकमेकांशी बोलतात ती पद्धत) पहिला आकडा, म्हणजे एसपीएन, तक्रार कशाबद्दल आहे ते सांगतो. ३२१६ म्हणजे एससीआरच्या (नॉक्स कमी करणाऱ्या एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिस्टच्या) आधीचा नॉक्स, ३२२६ म्हणजे नंतरचा. दुसरा आकडा एफएमआय. नेमकी तक्रार काय, हे तो सांगतो आणि शोध कुठून सुरू करायचा हेही त्यावरच ठरतं. ३ आणि ४ व्होल्टेजचे, अनुक्रमे जास्त आणि कमी. ५ म्हणजे करंट कमी, बहुधा कुठेतरी वायर तुटलेली. ९ म्हणजे सेन्सरचे निरोप वेळेवर पोचत नाहीत. पण १६ किंवा १८ आला तर वायरिंग आणि सेन्सर दोन्ही धडधाकट असू शकतात. मोजलेली गोष्टच मर्यादेबाहेर गेलेली असते. आणि ४३६४ हा कोड तर कुठल्याच एका सेन्सरचा नाही. आधीचा नॉक्स आणि नंतरचा नॉक्स यांची तुलना करून ईसीएमने काढलेला तो हिशेब आहे: एससीआर पुरेसं काम करत नाही. तो वाचून मागचा सेन्सर बदलणारे मी खूप पाहिलेत.

मग "काही दिवस बरं चाललं" त्याचं काय? त्याचं उत्तर सेन्सरच्या घडणीत आहे. नॉक्स सेन्सरचं टोक झिर्कोनिया या सिरॅमिकचं असतं आणि आतला हीटर ते साधारण ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो. अशा तापलेल्या टोकावर पाण्याचा थेंब पडला की त्याला तडा जातो. म्हणून एक्झॉस्ट गरम होऊन आतली वाफ आणि ओल निघून गेल्याची खात्री होईपर्यंत ईसीएम हीटर पूर्ण चालू करत नाही आणि तोवर सेन्सर नॉक्सचा आकडाच देत नाही. एससीआरची तपासणी त्याच्याही पुढची, तिला लोडवर टिकून राहिलेलं तापमान लागतं. मशीन दिवसभर आयडलवर किंवा हलक्या कामावर असेल तर ती तपासणी पुरीच होत नाही. कोड पुसला, तपासणी झाली नाही, दिवा लागला नाही. मालकाला वाटलं, सेन्सर बदलल्याने सुधारलं. मग एके दिवशी जड काम लागलं, एक्झॉस्ट तापला, तपासणी झाली आणि कोड परत आला.

एससीआर कमी पडतंय की सेन्सर खोटं बोलतोय, हे ओळखायची एक चाचणी मला फार आवडते. इंजिन गरम करून लोडवर ठेवा आणि सर्व्हिस टूलवरून डेफची (एक्झॉस्टमध्ये फवारायचं युरियाचं पाणी, त्यातूनच अमोनिया होतो) फवारणी बंद करा. कॅटॅलिस्टमध्ये साठलेला अमोनिया संपायला थोडा वेळ जातो, तेवढं थांबा. अमोनियाच नाही म्हटल्यावर नॉक्सचं नायट्रोजन आणि पाणी व्हायचं थांबतं, त्यामुळे आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे जवळजवळ एक व्हायला हवेत. झाले, तर दोन्ही सेन्सर एकमेकांशी जुळतायत. दोष डेफमध्ये, इंजेक्टरमध्ये, मिक्सरमध्ये साठलेल्या पांढऱ्या खड्यांत किंवा खुद्द कॅटॅलिस्टमध्ये शोधा. नाही झाले, तर सेन्सरवर संशय घ्यायला आता खरं कारण आहे.

यात एक गंमत आहे. नॉक्स सेन्सरला अमोनिया आणि नॉक्स यांतला फरक कळत नाही, अमोनियालाही तो नॉक्सच समजतो. डेफ गरजेपेक्षा जास्त पडत असेल तर न वापरलेला अमोनिया मागून बाहेर येतो आणि मागचा आकडा चढतो. स्क्रीनवर दिसतं "नॉक्स जास्त", म्हणून माणूस फवारणी वाढवायच्या मागे लागतो, आणि आकडा आणखी चढतो.

डेफबद्दल थोडक्यात. त्यात युरिया ३२.५ टक्के हवा, आयएसओ २२२४१ प्रमाणे. रिफ्रॅक्टोमीटरवर (द्रावणाचं प्रमाण दाखवणारं हातातलं उपकरण) दोन थेंब टाकले की कळतं. डेफच्या गुणवत्तेचा सेन्सर महागडा, रिफ्रॅक्टोमीटर स्वस्त. तरी लोक आधी सेन्सर मागवतात. टाकीत चुकून डिझेल गेलंय का, हेही बघा. आणि ऑपरेटरला सांगा, चावी बंद केल्याबरोबर बॅटरीचा मेन स्विच पाडू नको. बऱ्याच मशीनवर पंप काही मिनिटं चालून लाइनमधला डेफ टाकीत परत ओढतो. तो राहिला की वाळून खडे होतात.

डीपीएफच्या (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या) दोन बाजूंच्या दाबातला फरक मोजणारा सेन्सर त्या मानाने साधा. एसपीएन ३२५१ आला की मी आधी चावी ऑन करून, इंजिन बंद ठेवून आकडा बघतो. हवा हलत नसताना फरक शून्याच्या आसपास हवा. नसेल तर नळ्या सेन्सरकडून काढून पुन्हा बघतो. तरीही शून्य नाही, तर सेन्सर गेला. शून्य असेल तर नळ्यांकडे या: तडा, काजळीचा बूच, साचलेलं पाणी, आणि कुणी मागच्या वेळी उलट्या जोडल्यात का. नळीत हवा मारायची तर आधी सेन्सरपासून सोडवून मारा, नाहीतर धडधाकट सेन्सर तुमच्याच हातून जाईल. दाब खरोखरच जास्त असेल तर इंजिनाकडे बघायला हवं. इंटरकूलरची गळती, टपकणारा इंजेक्टर, तासन्‌तास आयडल, हे सगळे काजळी पिकवतात. रिजनने, म्हणजे फिल्टर तापवून साफ करण्याने, काजळी जळते, राख जळत नाही. राखेसाठी फिल्टर काढून साफच करावा लागतो. उलट दाब नको इतका कमी दिसला तर खूश होऊ नका, टेलपाइपमध्ये बोट फिरवा. बोट काळं झालं तर फिल्टर आतून फुटलेला असायची शक्यता मोठी.

तापमानाच्या सेन्सरना रात्रभर थंड झालेल्या मशीनवर, स्टार्टर मारण्याआधी वाचा. सगळ्यांनी एकमेकांशी आणि बाहेरच्या हवेशी जुळतं तापमान दाखवायला हवं. एकटाच कुणी फटकून बोलत असेल तर तो सापडला.

वायरिंगवर मात्र वेळ घालवाच. ही मशीन दिवसभर थरथरतात, हार्नेस (वायरींचा जुडगा) ब्रॅकेटवर घासतो, एक्झॉस्टजवळ इन्शुलेशन कडक होऊन फुटतं. मल्टिमीटर ओहम दाखवून "सलग आहे" म्हणतो, पण सतरा तारांतली एकच शिल्लक असली तरी तो तेच म्हणेल. सेन्सरच्या पुरवठ्यावर टेस्ट लॅम्प लावून थोडा भार टाका. दिवा मिणमिणला की खरं कळतं. ही सप्लाय आणि अर्थसाठीची युक्ती, ईसीएमच्या सिग्नल वायरींवर मात्र लॅम्प लावू नका. कॅन लाइन (सेन्सर आणि ईसीएम यांच्यातली निरोपांची वायरजोडी) मशीनचा पुरवठा बंद ठेवून मोजा: दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर, म्हणून ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय. एकाच वेळी तीन-चार सेन्सरचे व्होल्टेज कोड आले तर त्यांचा ५ व्होल्टचा पुरवठा सामाईक आहे का ते आकृतीत बघा आणि एकेक प्लग काढत जा. ज्याचा प्लग काढल्यावर बाकीचे शुद्धीवर येतात, तो किंवा त्याची वायर दोषी. आणि डेफच्या टाकीजवळचे कनेक्टर उघडून पाहाच. डेफ तांब्याच्या तारांमधून आतल्या आत चढत लांब जातो. हिरवा-पांढरा थर दिसला तर तेवढी वायर कापून नवी टाकावी लागते, नुसतं पुसून भागत नाही.

तेव्हा मला विचारताना "नॉक्सचा कोड आलाय" एवढंच कळवू नका. दोन्ही आकडे पाठवा, कोड सतत आहे की येऊन जातो ते लिहा, कोड पडला तेव्हाचं एक्झॉस्टचं तापमान आणि लोड टूलमध्ये साठवलेलं असतं त्याचा फोटो काढा. आणि हे सगळं कोड पुसायच्या आधी.