आडवी बाटली कशासाठी? तुम्ही विचारलंत म्हणून

विचारणारे बदलतात, प्रश्न तोच असतो. पत्रकार विचारतात, कॉलेजची मुलं विचारतात, तहसील कचेरीतले साहेब तर फाईल उघडायच्या आधीच विचारतात. "दारूचं परवान्याचं दुकान बंद पाडलंत की गावात चोरून विक्री सुरू होतेच. मग बायकांना उन्हात रांगेत उभं करून मिळवता काय?" याचं उत्तर उभ्या उभ्या दोन वाक्यांत देता येत नाही, आणि दिलं की समोरच्याला ते पळवाट वाटतं. गावातलं दारूचं दुकान चालू ठेवायचं की बंद, यावर बायका मतदान करतात, आणि आडवी बाटली ही त्यातली बंदची खूण. म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

दुकान बंद झाल्यानं गावातली दारू संपत नाही. संपेल असं मतदानाच्या प्रचारात कुणी बायकांना सांगत असेल, तर त्यांनी ते सांगू नये. बंद होतं ते सोयीचं पिणं. देशीचं दुकान गावात असतं तेव्हा ते शेतावरून, कामावरून घरी येण्याच्या वाटेवर असतं. मजुरी हातात पडते आणि घर यायच्या आधी दुकान येतं. नव्वद मिलीची बाटली मिळत असल्यामुळे खिशात थोडे पैसे असले तरी भागतं, नसले तर वहीत नाव लिहून उधारी मिळते. हेच दुकान सहा-सात किलोमीटरवर गेलं की गाडी लागते, पेट्रोल लागतं, आणि संध्याकाळी एकदा जाऊन आलेला माणूस रात्री नऊला पुन्हा जायचा कंटाळा करतो. पक्का पिणारा जातोच. पण वाटेत आहे म्हणून पिणारा, सोबतीला बसणारा आणि देशी पिण्यासाठी कायद्यानं पंचवीस पूर्ण लागत असताना एकोणिसाव्या वर्षी काउंटरवर उभा राहणारा पोरगा, या तिघांवर अंतराचा परिणाम होतो. दारूची उपलब्धता कमी करणं, कर वाढवणं आणि जाहिरातीवर बंधन घालणं हे तीन उपाय जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आम्ही त्यातला पहिला, तोही एका गावापुरता, करतो.

आता ज्याबद्दल कुणीच विचारत नाही ते सांगते. गावागावांत आम्ही हरतो ते दारूड्यांमुळे नाही, बेरजेमुळे.

मतदानानं दुकान बंद करण्याचा अधिकार बायकांना महाराष्ट्र शासनाच्या २५ मार्च २००८ च्या आदेशानं दिला. गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं की उत्पादन शुल्क खातं सह्यांची पडताळणी करतं आणि मग गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. इथवर सगळं सरळ आहे. पुढची अट अशी, की आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं पडली पाहिजेत. झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त नव्हे, यादीच्या.

समजा यादीत १,२०० बायका आहेत. जिंकायला ६०१ मतं हवीत. यादीत चाळीस नावं वारलेल्यांची आहेत. नव्वद मुली लग्न होऊन सासरी गेल्या, नावं इथेच राहिली. दीडशे जणी ऊसतोडीला नाहीतर शहरात कामाला. उरल्या ९२०. त्यातल्या कुणी बाळंतीण, कुणी अंथरुणाला खिळलेली, कुणाची मजुरी बुडते, आणि कुणाला नवऱ्यानं सकाळीच सांगितलंय, "तिकडं दिसलीस तर घरात येऊ नको." अशा दोनशे गेल्या. ७२० जणींनी मतदान केलं. मोजणी झाली: आडवी ५६०, उभी १५०, बाद १०. मत दिलेल्या दर दहा बायकांत जवळपास आठ जणींनी दुकान नको म्हणून सांगितलं आणि दुकान राहिलं, कारण एकेचाळीस मतं कमी पडली. ज्या चाळीस जणी जिवंतच नाहीत त्यांची मतं दुकानाच्या बाजूनं धरली गेली. निकाल जाहीर होतो तेव्हा शाळेच्या पटांगणात बसलेल्या बायकांना कळतच नाही की आपण हरलो. त्या म्हणतात, "अहो, जास्त मतं आपलीच हायेत ना?" त्या क्षणी त्यांना टक्केवारी समजावून सांगणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत वाईट काम आहे. दुकानाच्या बाजूचे फटाके तोवर वाजायला लागलेले असतात. हरल्यावर पुन्हा मागणी लगेच करता येत नाही, आणि ज्या बाईनं उघडपणे सही केली होती तिला त्याच गल्लीत, त्याच दुकानासमोरून रोज पाण्याला जायचं असतं.

सरपंच, आमदार, खासदार झालेल्या मतदानातून निवडून येतात. ज्याला जास्त मतं तो जिंकतो. आमदार-खासदारांच्या निवडणुकीत नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवार पडत नाही. मग बाटलीलाच एवढं संरक्षण का? यावर उत्तर मिळतं की चालू धंदा बंद करायचा तर बहुमत भक्कम हवं. दारूचा धंदा हा मूलभूत हक्क नाही असं सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्ये खोडे डिस्टिलरीज प्रकरणात सांगून ठेवलंय, त्यामुळे हे उत्तर मला पटत नाही. तरी शंभर-दीडशे मतांत अख्ख्या गावाचा निर्णय होऊ नये, हेही खरं. यादीच्या एक तृतीयांश मतदानाची किमान अट ठेवून झालेल्या मतांचं बहुमत धरावं का, हा विचार माझ्या मनात घोळतो. तो पुरेसा आहे असं अजून ठामपणे म्हणता येत नाही.

नियम बदलेपर्यंत करायचं काय? आधी यादी हातात घ्या, सह्या नंतर. तीन-चार महिने आधी यादी घेऊन वस्तीवस्तीत, घरोघर फिरा. मयतांची नावं वगळायला नमुना सात भरून मृत्यूचा दाखला जोडा. सासरी गेलेल्या मुलींना नाव हलवण्यासाठी नमुना आठ भरायला लावा. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा केंद्रस्तरीय अधिकारी, घरी चौकशीला येईपर्यंत पाठपुरावा करा, नुसता अर्ज टाकून काही होत नाही. वरच्या उदाहरणातली एकशेतीस नावं यादीतून गेली असती तर यादी १,०७० ची झाली असती, ५३६ मतं पुरली असती आणि तीच ५६० मतं विजयाची ठरली असती.

सह्या पंचवीस टक्क्यांवर थांबवू नका, पस्तीस-चाळीसपर्यंत न्या. पडताळणीत सह्या गळतात. निवेदनावर नाव माहेरचं, यादीत सासरचं. तेव्हा अंगठा, आता सही. एकच नाव दोन कागदांवर. प्रत्येक सहीपुढे यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहा, अंगठ्याशेजारी साक्षीदाराचं नाव घ्या. पडताळणीच्या दिवशी बाईला अधिकाऱ्यासमोर ओळखपत्र घेऊन यावं लागतं, आणि खरी गळती तिथे होते, कारण दुकानदाराची माणसं दाराशी उभी राहून कोण येतंय ते बघतात. म्हणून एकटीनं येऊ नये, वस्तीनं यावं.

तारखेकडे लक्ष ठेवा. दिवाळीनंतर ऊसतोडीची गावं रिकामी होतात, सोयाबीन-भाताच्या काढणीत कुणी मजुरी सोडत नाही. पेरणीच्या आधीचे आठवडे बरे. आणि चित्रांचा सराव घ्या. "उभी म्हणजे आपण उभ्या राहिलो" असा अर्थ लावून उभीवर शिक्का मारणाऱ्या बायका असतात. फळ्यावर दोन्ही बाटल्या काढा आणि प्रत्येकीला बोटानं दाखवायला लावा.

आता तुमच्या चोरट्या विक्रीकडे येते. हो, ती होते. बहुतेक वेळा तो माल शेजारच्या गावातल्या परवान्याच्या दुकानातून येतो. खोक्यात १८० मिलीच्या अठ्ठेचाळीस बाटल्या, दुचाकीवर दोन खोकी, दर बाटलीमागे वरचे पैसे. म्हणजे इथल्या बेकायदा विक्रीला तिथला कायदेशीर परवाना पोसतो. बंदी फसली म्हणताना ही अर्धी गोष्ट सांगायची राहते. पोलिसांनी माल पकडला की दारूबंदी कायद्याचं कलम ६५ (ई) लागतं, नमुना रासायनिक तपासणीला जातो, आरोपी जामिनावर सुटतो आणि महिन्याभरात त्याच ओट्यावर बसतो. पंच फितूर झाले की खटला तिथेच संपला. म्हणून पंचनाम्यात बाटल्यांचे बॅच क्रमांक लिहून घ्यायला लावा. माल कुठल्या कारखान्यातून निघून कुठे गेला याचा माग त्यावरून लागू शकतो. पुन्हा पुन्हा सापडणाऱ्यावर त्याच कायद्याच्या कलम ९३ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्राचा प्रस्ताव मागा, त्यानंही भागलं नाही तर हातभट्टीवाल्यांना स्थानबद्ध करण्याचा १९८१ चा कायदा आहे. चोरट्या दारूवर नजर ठेवणाऱ्या गावकऱ्यांच्या ग्रामरक्षक दलाची तरतूद २०१६ मध्ये झाली. ते दल कागदावर ठेवायचं की कामाला लावायचं, हे गावावर आहे.

"बंदी आली की विषारी दारू येते" हेही ऐकवलं जातं. जून २०१५ मध्ये मालवणीत शंभराहून जास्त माणसं मेली. ती मुंबई होती, तिथे बंदी नव्हती, वाइन शॉप चालू होती. मिथेनॉल मिसळलेली दारू तिथे गेली कारण ती स्वस्त होती. पण गुजरात आणि बिहार ही दोन्ही बंदीची राज्यं, आणि २०२२ मध्ये बोटाद नि सारणला माणसं विषारी दारूनं मेली, हेही तितकंच खरं. मालवणीचं नाव घेऊन मी ही ठिकाणं झाकणार नाही.

जिल्हाबंदीबद्दल माझं माझ्याशीच भांडण चालू आहे. वर्धा सत्तरच्या दशकापासून बंद, गडचिरोली १९९३ पासून. १ एप्रिल २०१५ ला चंद्रपूर बंद झालं तेव्हा मी म्हणायचे, गाव-गाव मतदान हा आडमार्ग आहे, जिल्हा बंद करा. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळानं एका बैठकीत चंद्रपूरची बंदी उठवली. चिमूरहून नागपूरला पायी गेलेल्या बायकांना कुणी विचारलं नाही, त्यांच्यासाठी कसलं मतदान ठेवलं नाही. वरून आलेली बंदी वरूनच जाते, असं मी तेव्हापासून म्हणू लागले. पण तेव्हाची मी आजच्या मला विचारते की दहा गावं बंद केलीस आणि अकराव्या गावात चार दुकानं राहिली, तर काय केलंस? याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे.

एक गोष्ट मात्र जिल्ह्यालाही लागू आहे आणि गावालाही, आणि चळवळीतले लोक ती फार कमी बोलतात. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली तर ते जिवावर बेतू शकतं. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात कापू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो, माणूस भिंतीवर किडे बघतो, घरच्यांना ओळखत नाही. गावात त्याला बाहेरचं झालं म्हणतात आणि मांत्रिकाकडे नेतात. त्याला दवाखान्यात न्यायचं असतं. डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइडसारखी औषधं मात्रा उतरवत देतात आणि थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देतात. थायमिनशिवाय नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावणं अशा रुग्णाच्या मेंदूला घातक ठरू शकतं. म्हणून दुकानाला कुलूप लागायच्या पंधरा दिवस आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा की ही औषधं शिल्लक आहेत का. रोज पिणाऱ्यांची घरं आशाताईंना माहीत असतात, त्यांना त्या आठवड्यात तिथे फेरी मारायला सांगा. आडव्या बाटलीच्या मिरवणुकीपेक्षा हे काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आणि जिंकल्यावर घरी बसू नका. देशीच्या दुकानांचे आणि वाइन शॉपचे नवे परवाने राज्यात सत्तरच्या दशकापासून दिले जात नाहीत, त्यामुळे जुन्या परवान्याला मोठी किंमत आहे आणि मालक तो सहजी सोडत नाही. तो दुसऱ्या गावात स्थलांतराचा अर्ज करतो. त्या गावातल्या बायकांना याचा पत्ता लागतो तो दुकानाचं शटर बसवायला गवंडी आला की. तोवर ना-हरकत ठराव होऊन गेलेला असतो, बऱ्याचदा "ऐनवेळी येणारे विषय" या मथळ्याखाली, कोपऱ्यात पंधरा माणसं बसलेल्या सभेत. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, हे कायद्यात आहे. तेव्हा शेजारच्या पाच-सहा गावांतल्या बचत गटांचे फोन नंबर आधीच जवळ ठेवा, आपलं दुकान पडलं त्याच दिवशी त्यांना कळवा, आणि पुढच्या प्रत्येक ग्रामसभेची नोटीस, अजेंडा आणि इतिवृत्ताची प्रत मागायला सांगा. प्रत देत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. साध्या अर्जाला दहा रुपये लागतात.